फुई, कापूस आणि पुढचा टॅब्लेट

थोरल्या फुईने आयुष्यात कधीही पहिल्या भावाला कापूस विकला नाही. फुई म्हणजे आमच्या खानदेशात आत्या. अमळनेरजवळच्या तिच्या गावी दिवाळीच्या आगेमागे कापूस घरात यायला लागायचा आणि बघता बघता मधली खोली छताला टेकायची. खेडोपाडी फिरणारा व्यापारी टेम्पो घेऊन दारात यायचा, भाव सांगायचा. फुई त्याला चहा पाजायची, त्याच्या मुलीचं लग्न जमलं का ते विचारायची आणि रिकाम्या टेम्पोनिशी परत धाडायची. होळी यायची, होळी जायची, कापसातल्या किड्यांनी घरभर सगळ्यांच्या अंगाला खाज सुटायची, आणि फुई दंड खाजवत सांगायची, "कापूस घरमा शे तोवर भाव आपला हातमा शे."

एखाद्या वर्षी भाव चढायचा, मग ती गावभर पेढे वाटायची. बहुतेक वर्षी तो उतरायचा आणि कापूस पहिल्या भावापेक्षा कमीनेच जायचा. तेव्हाही तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. "औंदा भाव चुकना, मी नही चुकनी," एवढं म्हणून ती खोली झाडायला घ्यायची. हे वाक्य मी लहानपणी ऐकलं, मनात जपून ठेवलं आणि मोठेपणी त्यावर माझा संपूर्ण लेखनप्रपंच उभा केला.

लेखनप्रपंच म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण तो फारसा कुणाच्या वाचनात आलेला नाही. धुळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी हिशेबशास्त्र शिकवतो आणि एका स्थानिक दैनिकाच्या गुरुवारच्या पुरवणीत सदर लिहितो. पुढे येणाऱ्या टॅब्लेटमध्ये कोणता प्रोसेसर असेल आणि त्याची किंमत काय राहील, याचे अंदाज मी त्यात वर्तवतो. संपादकांनी हे सदर मला का दिलं, ते त्यांनाही आठवत नाही. स्वतःचा टॅब्लेट माझ्याकडे कधीच नव्हता. पण ज्याला पोहता येत नाही, तोच काठावरून जास्त ओरडतो. रात्री कुणीतरी परदेशात बसून अफवा सोडायचं, सकाळी मी खाटेवर पडल्या पडल्या फोनवर ती वाचायचो आणि 'सूत्रांच्या माहितीनुसार' अशी सुरुवात करून तिला मराठीत आणायचो. सूत्र म्हणजे मीच, दात न घासलेला.

माझे अंदाज चुकायचे, हे सांगण्यात विशेष नाही. ते किती निष्ठेने चुकायचे, हे विशेष आहे. मी किंमत उतरेल म्हटलं की ती चढायची. अमुक प्रोसेसर येणार म्हणून मी छातीठोकपणे लिहावं, तर कंपनीने त्याच प्रोसेसरला वगळून बाकी सगळं घालावं. आमची ही एकदा पुरवणीत भाकरी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "अहो, तुमचे अंदाज उलटे करून छापा म्हणावं त्यांना. लोकांचं भलं होईल." मी म्हटलं, "यंदा प्रोसेसर चुकला, मी नाही चुकलो." तिने भाकरी गुंडाळली.

अशा सदराला एक नेमाचा वाचक होता. एक म्हणजे अक्षरशः एक, आणि तो म्हणजे थोरली फुई. पहाटेच्या एसटीने पेपर तिच्या गावी जायचा. ती आधी कापसाचे भाव वाचायची, मग मला. तिच्या लेखी दोन्ही मजकूर एकाच जातीचे होते: कुठेतरी लांब कुणीतरी काहीतरी ठरवतं आणि आपण ओट्यावर बसून ते काय ठरवतील याचा विचार करतो. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करायचो. पलीकडून तिचा तो बटणांचा फोन खरखरायचा आणि नमस्कार-चमत्काराच्या आधी प्रश्न यायचा.

"हां भाऊ, काय म्हनस तुना प्रोसेसर?"

मी घसा साफ करून सांगायचो, आठ कोरचा येतोय म्हणून. कोर म्हणजे काय, हे तिला समजावण्यात एक अख्खा गुरुवार गेला होता. शेवटी मीच म्हटलं, समज, एका चिपमध्ये आठ जण कामाला आहेत. "आठ मजूर," ती म्हणाली. "मंग चार काम करतीन आनि चार लिंबना खाले बसतीन." मी हसलो आणि पुढच्या गुरुवारी हे वाक्य माझं म्हणून छापलं. त्या सदरावर आजवर आलेलं एकमेव वाचकपत्र त्या वाक्याबद्दल होतं.

नॅनोमीटरचं तिला कधीच पटलं नाही. चिप जितकी बारीक घडवलेली तितकी भारी, असं मी सांगितल्यावर ती चक्क चिडली. "कापूसना धागा लांब तितला भारी, आनि तुनी चिप बारीक तितली भारी? उलटाच बजार शे हाऊ." तरी दर आठवड्याला ती विचारायची, आणखी बारीक झाली का म्हणून. जावयाची प्रकृती विचारावी, तशी.

तिला टॅब्लेट हवा होता, आणि तो का हवा होता हे मला पक्कं माहीत होतं. ही गंमत नव्हती. फुईची धाकटी बहीण, आमची धाकली फुई, पिंपळनेरला दिलेली. लहानपणी तापात तिचे कान गेले. तेव्हापासून त्या दोघी बहिणींनी हातांची एक बोली तयार केली. शाळेत शिकवतात तसली नाही, घरची. चूल, विहीर, सासू, रागावलेली सासू, आजारी बैल, सगळ्याला हाताच्या खुणा. माणसांनाही खुणेची नावं. माझे वडील म्हणजे मिशीला पीळ. थोरली फुई म्हणजे बोंडातून कापूस वेचल्यासारखी पाच बोटं. आणि मी म्हणजे मनगटाने नाक पुसणं, कारण हे नाव ठेवलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि माझं नाक वाहत होतं. पुढे मी एम.कॉम. झालो, केस पिकले, पण त्या बोलीत माझी बढती झाली नाही.

धाकलीच्या सासरी तिला हवं-नको सगळं मिळायचं. सून चांगली, मुलगा चांगला. पण ती बोली पूर्ण येणारी माणसं जगात दोनच होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी, आमच्याकडे यायच्या. बाकीच्या बाया झोक्यावर बसून गाणी म्हणायच्या आणि या दोघी मागच्या दारी समोरासमोर बसून वर्षाचं साठलेलं हातांनी मोकळं करायच्या. बांगड्यांचा आवाज तेवढा यायचा. मग एकीचे गुडघे गेले, दुसरीची कंबर गेली, आणि अमळनेर ते पिंपळनेर एसटीचा प्रवास दोघींच्याही आवाक्याबाहेर गेला. एका आखाजीला थोरली एकटी आली आणि दिवसभर मागच्या दारी बसून राहिली. दुसऱ्या वर्षी तीही आली नाही.

पिंपळनेरला नातवाच्या अभ्यासासाठी घेतलेला एक टॅब्लेट होता. अडत होतं ते फुईच्या घरी. तिच्या शेजारी राहणाऱ्या शाळेतल्या बाईंनी एकदा आपल्या मोबाइलवर दोघींची गाठ घालून दिली होती. फुईने त्याचा निकाल मला फोनवर एका वाक्यात सांगितला. "एक हात फोन धराले गया, का आरधी गोठ गयी." अर्धं बोलणंच जायचं, म्हणून तिला मोठ्या पडद्याचं, आपल्या पायावर उभं राहणारं, दोन्ही हात मोकळे ठेवणारं काहीतरी हवं होतं. सुरतेला असलेला तिचा मुलगा घेऊन द्यायला तयार होता. तिने त्याला सांगितलं, भाऊला विचारते, त्याचा तो विषय आहे.

आणि भाऊने, म्हणजे मी, काय सांगावं? "फुई, थांब. पुढचा येतोय."

मी तरी काय करणार! सध्याच्या टॅब्लेटमधला प्रोसेसर दुबळा होता. व्हिडिओ कॉलवर तो अडकेल, चित्र थबकेल, असं मी सदरात स्पष्ट लिहिलं होतं. हातांची बोली बोलायची आणि हातच थबकले, तर काय उपयोग? पुढच्या पिढीचा प्रोसेसर आला की ही अडचण जाईल, शिवाय जुन्याची किंमत पडेल, दोन्हीकडून फायदा. थोरली फुई म्हणाली, "बरं. घाई कराना काम नही." मला तिचा अभिमान वाटला. अख्ख्या खानदेशात माझ्या सल्ल्यावर चालणारं हे एकच माणूस, आणि तेही थांबण्यात उस्ताद.

पुढचा आला. त्यात जुनाच प्रोसेसर निघाला आणि किंमत चढली. मी म्हटलं, थांब. मग दुसऱ्या एका कंपनीचा येणार होता, तो लांबला. मी म्हटलं, थांब. दर गुरुवारी मी फोन करायचो, चिपचं बोलणं चहा गाळायला लागतो तेवढ्यात संपायचं, आणि मग तास-तासभर भलतंच. तिची शेळी, माझा खोकला, शेजारच्या बाईंची बदली होणार की नाही, कापूस अजून का राखलाय. फोन ठेवल्यावर ही विचारायची, "कोण होतं एवढा वेळ?" मी म्हणायचो, "तांत्रिक सल्ला देत होतो."

एका गुरुवारी मी असाच सल्ला देऊन उठलो, तर ही दारात उभी. सहसा ती माझ्या सदराची टिंगल करते, पण त्या दिवशी तिला राग आला होता. "त्या दोघी म्हाताऱ्या एकमेकींना बघायच्या राहून जातील," ती म्हणाली, "आणि तुमचा प्रोसेसर येतच राहील." रात्रभर मला ते वाक्य टोचत राहिलं. मी कितीही विनोद केला तरी ते खरं होतं. पुढचा टॅब्लेट बाजारात आला, त्या आठवड्यात मी दुकानात गेलो. प्रोसेसरचा माझा अंदाज चुकला होता, किमतीचाही चुकला होता, रंगाबद्दल मी काही बोललो नव्हतो, तर तोही आवडला नाही. तरी घेतला. रविवारी खोकं पिशवीत घालून, फुईला न कळवता, अमळनेरची गाडी धरली. वाटेत मी एक छोटं भाषणही तयार केलं होतं. त्यात 'अखेर' हा शब्द दोनदा होता.

फुईचं दार उघडं होतं. ओटीवर कुणी नव्हतं. मधल्या खोलीतून बांगड्यांचा आवाज येत होता. मी डोकावलो. नेहमीसारखा छताला टेकलेला कापूस, त्याच्या पायथ्याशी फुई गोधडीवर बसलेली, दाराकडे पाठ. समोर उपडी पाटी, पाटीवर उशी, आणि उशीला टेकून उभा एक टॅब्लेट. कोपरा तडकलेला, कडेला हळदीची बोटं. पडद्यावर पिंपळनेरची धाकली फुई दोन्ही हात उडवत काहीतरी सांगत होती आणि थोरली मान मागे टाकून हसत होती.

धाकलीला मी आधी दिसलो. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मनगटाने नाक पुसलं.

थोरली वळली. मी दारात, पोटाशी खोकं धरून, भाषण विसरलेला. ती जराही गडबडली नाही. "उना का भाऊ? ये, बस," म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळून बहिणीला काहीतरी खुणावलं. त्यावर त्या दोघीही इतक्या हसल्या की मी नकळत नाकाला हात लावून पाहिला.

"फुई, हा कधी घेतला?"

"बराच दिन व्हयनात."

ते 'बराच दिन' म्हणजे मी पहिल्यांदा थांब म्हटलं, त्याच आठवड्याचे. शेजारच्या बाईंना बरोबर घेऊन ती अमळनेरच्या दुकानात गेली होती. जाताना माझ्या सदराचा कागद नेला होता. तो दुकानदारासमोर पसरून म्हणाली होती, "दख, मना भाचा पेपरमा लिखस, नवा येई ऱ्हायना. हाऊ जुना व्हई जाई. भाव उतार." दुकानदाराने सदर पूर्ण वाचलं, घाबरला आणि भाव उतरवला. माझ्या लेखनाचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग. तो मला तिथे, कापसाच्या ढिगाखाली बसून कळला.

"मग मला का नाही सांगितलं? आणि मी थांब म्हणत होतो, तर तू बरं म्हणत होतीस!"

फुईने टॅब्लेटच्या कव्हरमधून सरकी काढलेल्या कापसाचा एक पुंजका ओढला आणि पडदा पुसायला लागली. असं ती रोज पुसत असावी, कारण पुंजका पिवळा पडला होता. "भाऊ, थांबनं ते इकनाराले," ती म्हणाली. "लेनारानी कसाले थांबानं? बहीन मनी म्हतारी व्हई गयी."

"पण सांगायचंस तरी."

ती पुसायची थांबली. "मी टॅब्लेट लिधा म्हनी सांगी देती, तं तू दर गुरुवारले फोन करता का?"

मी हिशेब शिकवतो. येणं किती, देणं किती, हे मला चटकन कळायला हवं. मी खोकं पायांमागे सरकवलं. धाकली फुई पडद्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला ऐकू आलं नव्हतं, पण सगळं समजलं होतं. मग थोरली उठली आणि माझ्यासाठी शेवभाजी टाकायला आत गेली.

नवा टॅब्लेट मी परत आणला. आमची ही त्याच्यावर हल्ली पाककृती बघते आणि म्हणते, चांगला आहे हो, उगीच नावं ठेवत होतात. गुरुवारचा फोन चालूच राहिला. आता मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. तरी दर वेळी खरखर झाली की पहिला प्रश्न तोच. "काय म्हनस तुना प्रोसेसर?" मी नव्या चिपचा अंदाज सांगायचो, ती अजून बारीक झाली का विचारायची, मी झाली म्हणायचो, ती बाजाराला नावं ठेवायची. घ्यायचा कोणालाच नव्हता. पण इतक्या मनापासून मी कधीच अंदाज वर्तवले नव्हते.

फुई गेली ती ऐन कापसाच्या दिवसांत. सकाळी शेळी सोडायला उठली नाही, एवढंच. मुलगा सुरतेहून आला. तेराव्यानंतर त्याला परत जायची घाई होती, त्यामुळे दारात जो पहिला टेम्पो आला त्याला, त्याने सांगितलेल्या भावाला, सगळा कापूस गेला. मी ओटीवर बसून बघत होतो. मधली खोली रिकामी झाली तेव्हा कळलं की तिला पलीकडे एक खिडकी होती. नंतर भाव चढला की उतरला, ते मी पेपरात पाहिलं नाही. जाताना मुलाने टॅब्लेट माझ्या हातात दिला. म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडेच राहू द्या. तुमचा विषय आहे."

आता रविवारी मी पिंपळनेरला फोन लावतो. कव्हरमधला पुंजका काढतो, पडदा पुसतो, पुस्तकांच्या थप्पीला टॅब्लेट टेकवतो आणि दोन्ही हात मोकळे ठेवतो. मला ती बोली येत नाही. चूल, विहीर आणि आजारी बैल एवढ्या भांडवलावर आमचा संवाद चालतो. पहिल्या रविवारी धाकलीने पाच बोटांनी हवेतून कापूस वेचला आणि रिकामी ओंजळ माझ्यापुढे धरली. मला ते समजलं, शिकवावं लागलं नाही. दोघंही रडलो. मग तिने डोळे पुसले आणि मला 'रागावलेली सासू' शिकवायला घेतली. तिची सून सांगते की रविवारी सासूबाई सकाळपासून केस विंचरून बसलेल्या असतात.

घरात नवा टॅब्लेट असताना मी हा जुनाच का वापरतो, असं हिने एकदाही विचारलेलं नाही. तो आता फारच दमलाय. सगळे मजूर लिंबाखाली जाऊन बसल्यासारखा वागतो. व्हिडिओ कॉलवर हा अडकेल, असं मी लिहिलं होतं, तो माझा आयुष्यातला एकमेव खरा ठरलेला अंदाज. दर रविवारी फोन लागतो, पडदा उजळतो, धाकली फुई मला बघते, हसते, हात वर नेते, आणि मनगट नाकाशी पोचायच्या आत चित्र थबकतं. माझं नाव अर्धवट राहतं. या जगात मला त्या नावाने हाक मारणारं आता हे एकच माणूस आहे. मी काही दाबत नाही, काही बंद करून पुन्हा सुरू करत नाही. हात मांडीवर ठेवतो आणि तिचा हात हलेपर्यंत बसून राहतो.